पाहुण्याच्या आधी न जेवणे

सन २०२५ मध्ये एक योग जुळून आला होता. त्याची फारशी वाच्यता झाली नाही, म्हणून आरंभी त्याचा उल्लेख करतो. २६ फेब्रुवारीला महाशिवरात्र होती. २ मार्चला आपल्याकडे रमजानचा पहिला रोजा झाला. ५ मार्चला ख्रिस्ती मंडळींचा राखेचा बुधवार आला व त्यांचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू झाला. आठ दिवसांच्या आत तीन धर्मांच्या माणसांनी देवासाठी अन्न बाजूला सारले. परळीला वैजनाथाच्या पायऱ्यांवर रांग लागली, बीडच्या मशिदींतून सहेरीची हाक गेली, आणि थोड्या का होईना, ख्रिस्ती घरांतल्या माणसांनी कपाळाला राख लावून घेतली. राख आणि भस्म यांत अंतर किती, हे ज्याचे त्याने ठरवावे.

हा योग निव्वळ आकस्मिक नव्हता. त्यामागे चंद्र आहे. ईस्टरचा रविवार २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेवरून ठरतो, आणि राखेचा बुधवार त्या रविवारच्या बरोबर शेहेचाळीस दिवस आधी असतो. मधले सहा रविवार उपवासाचे धरीत नाहीत, म्हणून चाळीस उरतात. पौर्णिमेपासून दीड महिना मागे गेले की अमावास्या येते, हे आपल्याकडचे शाळकरी मूलही सांगेल. म्हणजे राखेचा बुधवार नेहमी कोणत्या तरी अमावास्येच्या आसपास पडणार. ईस्टरची पौर्णिमा ज्या वर्षी आपली चैत्री पौर्णिमा असते, त्या वर्षी ती अमावास्या माघाची होते आणि शिवरात्र तिच्या आदल्या दिवशी असते. रमजानही चंद्रदर्शनावरच लागतो. फक्त हिजरी वर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे तो सगळ्या ऋतूंतून फिरून तेहेतीस वर्षांच्या सुमारास पुन्हा त्याच जागी येतो. तिन्ही समाजांची पंचांगे वेगळी असली तरी आकाशातला दिवा एकच आहे.

पण आम्हांस आज बोलावयाचे आहे ते पंचांगाविषयी नव्हे. अन्न सोडल्याने माणूस देवाच्या जवळ जातो ही समजूत आली कोठून, तिचा इतिहास काय, आणि आमच्या बीडसारख्या जिल्ह्यात, जेथे भूक कित्येकदा न बोलावता येते, तेथे या समजुतीस काही अर्थ उरतो काय, हा प्रश्न आहे. शेवटचा भाग अवघड आहे, पण तो टाळून उपवासावर बोलणे म्हणजे जेवणाऱ्यांच्या पंगतीत बसून भुकेवर प्रवचन करण्यासारखे होईल.

प्रथम शब्द पाहू. ‘उप’ म्हणजे जवळ आणि ‘वास’ म्हणजे राहणे, हे व्याख्यानांतून इतक्या वेळा सांगितले गेले आहे की श्रोते ते ऐकूनच जांभई देतात. परंतु कोणी कोणाच्या जवळ राहावयाचे, हे सहसा कोणी विचारीत नाही. आपण गृहीत धरतो की माणसाने देवाजवळ राहावयाचे. शतपथ ब्राह्मणाच्या अगदी आरंभी याचा जो खुलासा आहे तो नेमका उलटा आहे. उद्या यज्ञ करावयाचा असा संकल्प यजमानाने मनात केला की देवांना त्याचे मन कळते, आणि ते आदल्या रात्रीच त्याच्या घरी येऊन राहतात. जवळ येऊन राहतात ते देव, आणि म्हणून तो दिवस ‘उपवसथ’. आता घरी पाहुणे आले आहेत, त्यांचे जेवण व्हावयाचे आहे, अशा वेळी यजमानाने आधी जेवून घेणे शोभेल काय? शोभणार नाही. म्हणून त्याने जेवू नये. एवढेच त्याचे कारण दिलेले आहे.

यात देहदंड नाही, पुण्याचा हिशेब नाही, नवस नाही. आहे तो फक्त साधा घरगुती शिष्टाचार. आमच्या खेड्यांतून आजही पाहुणा हातपाय धुऊन पाटावर बसल्याशिवाय घरधनी ताटाला हात लावीत नाही, आणि घरातली बाई तर सगळ्यांच्या शेवटी जेवते. (बायकांच्या या रोजच्या उपवसथाला कोणत्याही ब्राह्मणग्रंथाने पुण्य लावलेले आमच्या पाहण्यात नाही.) पुढे बौद्धांनी हाच शब्द ‘उपोसथ’ या रूपात उचलला आणि पौर्णिमा-अमावास्येच्या दिवशी भिक्षुसंघाने एकत्र येऊन नियमांचे पठण करावे, गृहस्थांनी व्रत पाळावे, असा त्याला नवा अर्थ दिला.

त्याच ठिकाणी शतपथात एक मोठा मौजेचा वाद आहे. आषाढ सावयस नावाचे आचार्य म्हणतात, व्रत म्हणजे मुळीच न खाणे. याज्ञवल्क्य अडचण काढतात. मुळीच खाल्ले नाही तर ते कर्म देवांचे न राहता पितरांचे होते, आणि खाल्ले तर पाहुण्यांच्या आधी जेवल्याचा दोष लागतो. मग त्यांनी तोड काढली : जे खाल्ले तरी न खाल्ल्यासारखे धरले जाते तेवढेच खावे. देवांना ज्याचा हवि देत नाहीत असे रानचे काही, रानातली फळे, रानातले धान्य. पाहुण्यांच्या ताटातले उष्टे झाले नाही म्हणजे झाले. आमच्या मते ‘उपवासाला चालते’ आणि ‘उपवासाला चालत नाही’ या महाराष्ट्राच्या घराघरांत चालणाऱ्या वादाचे मूळ येथे आहे. आपला ‘फराळ’ हा शब्दही फलाहारावरून आलेला.

मग त्या रानफळांचे काय झाले ते आपण जाणतोच. आज आपल्या उपवासाच्या ताटात साबुदाणा आहे, बटाटा आहे, रताळे आहे, शेंगदाण्याचे कूट आहे आणि हिरवी मिरची आहे. यांतला एकही जिन्नस शिवाजी महाराजांच्या पूर्वी तीनशे वर्षे या देशात कोणी पाहिलेला नव्हता. हे सारे अमेरिकेकडचे. पोर्तुगीजांच्या गलबतांच्या काळात समुद्रमार्गे त्यांचा आपल्याशी परिचय झाला. साबुदाण्याचे कंद तर तामिळनाडूत सेलमच्या बाजूला पिकतात आणि त्याचे कारखाने १९४० च्या सुमारास तेथे निघाले. याज्ञवल्क्यांना साबुदाण्याची खिचडी दाखविली असती तर त्यांनी काय निर्णय दिला असता, हा विचार करण्यासारखा विषय आहे. ‘एकादशी दुप्पट खाशी’ ही म्हण मराठी माणसाने स्वतःवरच केलेली आहे, एवढे मात्र त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे. मराठवाड्यात अजून भगर आणि शेंगदाण्याची आमटी यांवर भर आहे. भगर निदान इथल्या हलक्या रानातली आहे.

आता आमच्या जिल्ह्याकडे येऊ. बालाघाटाच्या डोंगररांगेने बीडचे दोन भाग केले आहेत. उत्तरेला गोदावरीचा काठ, आणि डोंगरावर व पलीकडे कमी पावसाचा, मुरमाड मुलूख. मांजरा याच डोंगरात पाटोद्याकडे उगम पावते. या मुलखात उपवासाच्या निरनिराळ्या परंपरा शेजारी शेजारी नांदल्या. परळीला शिवरात्रीचा दिवसभर उपवास, रात्रभर जागर, चार प्रहरांच्या पूजा आणि दुसऱ्या दिवशी पारणे. तेथले आजचे देऊळ अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात दुरुस्त करून उभे केलेले. अंबाजोगाईला योगेश्वरीचे नवरात्र आश्विनाप्रमाणेच मार्गशीर्षातही बसते. या देवीचे परळीच्या वैजनाथाशी लग्न ठरले होते, मुहूर्त टळला, आणि वऱ्हाडी होते तेथे दगड झाले, अशी कथा लोक सांगतात. जेवणावळ झालीच नाही. पाहुणे आले आणि उपाशीच राहिले, अशी ही एकच कथा आमच्या माहितीची आहे.

कपिलधारला मात्र निराळा सूर लागतो. येथे मन्मथस्वामींची समाधी आहे, कार्तिकी पौर्णिमेला वीरशैवांची मोठी यात्रा भरते. वीरशैवाच्या गळ्यात इष्टलिंग असते. देव ज्याच्या छातीवरच वसतो त्याने त्याच्या जवळ जाण्यासाठी आणखी काय करावे? म्हणून त्या पंथात बसवण्णांपासून भर आला तो कष्टाच्या कमाईवर आणि दासोहावर, म्हणजे ती कमाई जंगमाला आणि भुकेल्याला वाढण्यावर. उपाशी राहण्यापेक्षा वाढणे महत्त्वाचे ठरले. वारकऱ्यांनी एकादशी धरली ती कडकपणे धरली, परंतु पारणे हा तिचाच भाग मानला. अंबरीष राजाची भागवतातली कथा कीर्तनातून सर्वांनी ऐकलेली आहे. द्वादशीला पारण्याच्या वेळी दुर्वास पाहुणे म्हणून आले, स्नानाला गेले ते परत येईनात, आणि तिथी तर टळत चाललेली. राजा सापडला तो याज्ञवल्क्यांच्याच पेचात. शेवटी त्याने पाण्याचा एक घोट घेतला, कारण पाणी पिणे हे खाणेही आहे आणि न खाणेही. दुर्वासांचा राग आला तो त्यावर. कथेत उपवासाचे कौतुक थोडे आणि पाहुण्याची वाट पाहण्याचे फार, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

आमच्या पश्चिमेला, नेवाशास, शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. गीतेच्या सहाव्या अध्यायात अति खाणाऱ्याला योग नाही आणि मुळीच न खाणाऱ्यालाही नाही असे जे म्हटले आहे, ते ज्ञानेश्वरांनी विस्ताराने फोडून सांगितले. दुसऱ्या अध्यायातील एक विचार तर याहून बारीक आहे. आहार तोडणाऱ्यापासून विषय दूर जातात, पण त्यांची गोडी मागे उरते. ती गोडी परतत्त्वाचे दर्शन झाल्यावरच जाते. अनुभव सर्वांचा आहे. एकादशीच्या दिवशी सकाळी दहाला आपण ज्या एकाग्रतेने भाकरीचे चिंतन करतो, तेवढ्या एकाग्रतेने द्वादशीला पांडुरंगाचे करीत नाही.

ख्रिस्ती उपवासकाळाचा इतिहास आपल्याकडे थोड्या लोकांना ठाऊक आहे, म्हणून त्यावर थोडे अधिक थांबतो. येशूने कार्याला आरंभ करण्यापूर्वी अरण्यात चाळीस दिवस उपवास केला. त्याच्या आधी मोशे आणि एलिया यांचेही चाळीस दिवस ग्रंथांत येतात. इ. स. ३२५ च्या निकायाच्या धर्मपरिषदेच्या नियमांत या ‘चाळिशी’चा उल्लेख आहे, म्हणजे तोवर ती रूढ होत होती. मध्ययुगात नियम असा की मांस, दूध, अंडी वर्ज्य, आणि सायंप्रार्थनेनंतर एकच जेवण. पुढे माणसांना संध्याकाळपर्यंत थांबणे जड जाऊ लागले. तेव्हा त्यांनी नियम मोडला नाही, तर सायंप्रार्थनाच दुपारी आटोपून घेऊ लागले! मग रात्री अगदीच उपाशी कसे झोपावे, म्हणून मठात धर्मग्रंथाच्या वाचनाच्या वेळी थोडा अल्पाहार आला. खिचडीचा दोष एकट्या महाराष्ट्राच्या माथी मारू नये, एवढ्यासाठीच हे सांगितले.

सन १५२२ मध्ये झुरिक शहरात याच उपवासकाळात एका मुद्रकाच्या घरी त्याच्या कामगारांनी मांसाची सॉसेज खाल्ली. काम फार होते, आणि नुसत्या लापशीवर छापखाना चालत नाही, असे त्याचे म्हणणे. प्रकरण न्यायासनापुढे गेले. झ्विंग्ली नावाच्या धर्मगुरूने व्यासपीठावरून त्या मजुरांची बाजू घेतली, आणि तेथील धर्मसुधारणेला त्यातून तोंड फुटले. प्युरिटन पंथीयांनी तर हा काळ पाळणेच सोडले. शेजारच्या अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) १८३१ पासून ज्या अमेरिकन मराठी मिशनने काम केले, त्याचे मूळ याच पंथात होते. उलट गोवा आणि वसई येथे पोर्तुगीजांबरोबर आलेला कॅथॉलिक आचार रुजला. फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने मराठीत ओवीबद्ध रचिलेले ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापले गेले. तेव्हा जुनी पुराणे सुटलेल्या नवख्रिस्ती माणसांना येशूची कथा, त्याचे रानातले चाळीस दिवस, आपल्या ओळखीच्या चालीत ऐकावयास मिळाले. गंमत अशी की हेच पोर्तुगीज आपल्या भावी उपवासाची मिरची घेऊन येत होते. कॅथॉलिकांचा सक्तीचा उपवास १९६६ च्या पोप पॉल सहावे यांच्या आज्ञेने बव्हंशी सैल झाला. आता तो राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार या दोन दिवसांपुरता उरला आहे, बाकीचे ज्याच्या त्याच्या मनावर.

तथापि या परंपरेत एक धागा अगदी आरंभापासून अखंड आहे, आणि आम्हांस त्याचे महत्त्व सर्वांत अधिक वाटते. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात रोममध्ये लिहिलेल्या हर्मास नावाच्या लेखकाच्या पुस्तकात उपवासाची रीत सांगितली आहे : त्या दिवशी फक्त भाकरी आणि पाणी घ्यावे, नेहमीच्या जेवणाला किती खर्च आला असता तो मोजावा, आणि तेवढे विधवेला, पोरक्या मुलाला किंवा गरजूला द्यावे. हिब्रू संदेष्टा यशया याने तर त्याच्याही कित्येक शतके आधी बजावले होते की मान खाली घालून गोणपाटावर बसणे हा देवाला आवडणारा उपवास नव्हे. भुकेल्याशी आपली भाकर वाटून खाणे, बांधलेल्यांचे जू सोडविणे हा होय. इस्लाममध्येही तेच आहे. ईदच्या नमाजाआधी फित्रा दिल्याशिवाय रमजान पुरा होत नाही. आणि म्हातारपणामुळे वा कायमच्या आजारामुळे ज्याला रोजा झेपत नाही त्याने प्रत्येक रोज्याबद्दल एका गरिबाला जेवू घालावे. ज्या पंथाने जवळीकीचा मार्ग म्हणून अन्न सोडावयास सांगितले, त्याने सोडलेले अन्न कोठे जावे हेही सांगितले.

आता तो अवघड प्रश्न. १९७२ च्या दुष्काळात याच जिल्ह्यात माणसे रस्त्याच्या कडेला खडी फोडीत होती. परदेशातून आलेला तांबडा मिलो आणि कामावर वाटलेली सुकडी हे दोन शब्द आजही साठीच्या पुढच्या कोणाच्याही तोंडून निघतात. त्या काळातल्या एकादशीचे काय? ज्याच्या घरात दाणा नाही त्याने आज दाणा वर्ज्य म्हणणे ही देवाची थट्टा की देवाने केलेली थट्टा? मराठीने येथे दोन शब्द वेगळे ठेवले आहेत. उपास तो उपास आणि उपासमार ती उपासमार, आणि दुसऱ्यातला ‘मार’ कोण देतो हे शब्दातच उघड आहे. उपास करणाऱ्याला संध्याकाळी किंवा उद्या सकाळी सोडण्याची खात्री असते. ज्याला ती खात्री नाही त्याला उपास करता येत नाही. त्याला फक्त उपाशी राहता येते. म्हणूनच रोजगार हमीचा जो कायदा महाराष्ट्राने १९७७ मध्ये केला, त्याचे मूळ त्या दुष्काळातल्या कामांत असल्यामुळे, त्याला आम्ही उपवासाच्या इतिहासाबाहेरचा मानीत नाही.

आमच्या संतकथांनाही हे ठाऊक होते. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठारे उघडली आणि त्यांचे देणे विठू महार होऊन पांडुरंगाने बेदरला भरले. अंबाजोगाईचे दासोपंत लहानपणी वडिलांनी सारा भरला नाही म्हणून त्याच बेदरच्या दरबारात ओलीस राहिले, आणि दत्ताजी पाडेवार म्हणून कोणी अनोळखी माणूस रक्कम भरून गेला. या कथांत देव जवळ येतो तो पाडेवाराच्या किंवा महाराच्या वेषात, म्हणजे गावच्या सीमेवरच्या माणसाच्या वेषात. उपवसथाच्या रात्री येणारा पाहुणा कसा दिसतो, याचे मराठी मनाने केलेले हे चित्र आहे. आजही दसऱ्यानंतर जिल्ह्यातल्या लाखो माणसांच्या टोळ्या उचल घेऊन ऊसतोडीला जातात आणि पाडव्याच्या सुमारास परततात. त्यांची शिवरात्र परमुलखात, फडावर, कोयता हातात घेऊनच जाते. तो उपास करणाऱ्या बाईस दिवसभर मोळ्याही वाहाव्याच लागतात. झुरिकच्या छापखान्यातला प्रश्न तिला कोणी विचारीत नाही.

या इतिहासातली एक घटना अलीकडची आहे आणि ती सांगून आम्ही थांबतो. १९४७ साली पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना बंद होते. चोखोबांची समाधी महाद्वाराशी पायरीपाशी होती, आणि त्यांच्या जातीच्या माणसाला सहाशे वर्षांनंतरही तेथूनच परतावे लागे. आमचा जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात, पण पैठणहून निघणारी नाथांची पालखी आमच्याच मुलखातून पंढरपूरला जाई, आणि वारीतले काही वारकरी महाद्वाराशीच थांबत. साने गुरुजींनी महिनोन् महिने महाराष्ट्रभर फिरून लोकमत तयार केले, आणि १ मे रोजी पंढरपुरात तनपुरेमहाराजांच्या मठात उपवासास बसले. सनातनी मंडळी म्हणत होती की हा देवावर दबाव आहे. गुरुजींची भूमिका जुन्या शब्दांत मांडावयाची तर ती याज्ञवल्क्यांच्या घरातली होती : पाहुणे दारात उभे आहेत, त्यांना आत घेतलेले नाही, तोवर घरच्यांनी कसे जेवावे? दहा दिवस ते जेवले नाहीत. मंदिर उघडण्याचे ठरले, आणि १० मे १९४७ रोजी त्यांनी उपवास सोडला.